धूळ झाकते आणि धूळच उजळते

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेल्या एका दूरच्या दीर्घिकेचे चित्र पाव पानभर छापले होते. चित्र देखणे, छपाईही नेटकी. खालची ओळ मात्र अर्धीच खरी होती : ‘धुळीचा पडदा भेदून वेबने पाहिलेली आकाशगंगा’. उरलेला अर्धा भाग हाच या विषयाचा गाभा, म्हणून हे पत्र. (‘आकाशगंगा’ हे आपल्या घरचे नाव. दुसऱ्यांच्या घरांना मराठीत ‘दीर्घिका’ असा चांगला शब्द आहे, तो वापरावा.)

त्या ओळीवरून वाचकाचा समज असा होतो की धूळ म्हणजे अडथळा आणि अवरक्त दुर्बीण म्हणजे तो बाजूला सारणारी युक्ती. जवळ-अवरक्तात, म्हणजे एक ते पाच मायक्रॉनच्या तरंगलांबीत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ते बऱ्याच अंशी बरोबर आहे. पण ज्या दीर्घिकांना ‘अवरक्तात तेजस्वी’ म्हणतात त्यांचे तेज पडद्याआडून येत नाही. तिथे पडदाच उजळलेला असतो. आणि हा उजेड वेबला जवळजवळ दिसतच नाही.

आधी धूळ कसली ते सांगतो. डिचोली-सांगे भागातल्या माणसाला धूळ म्हटले की खनिजाच्या ट्रकामागून उठणारा तांबडा लोट आठवतो. दीर्घिकांतली धूळ त्या जातीची नव्हे. प्रदूषण मोजणारे ज्याला ‘पीएम १०’ म्हणतात तो कण १० मायक्रॉनपर्यंतचा. ताऱ्यांमधल्या धुळीचा कण साधारण ०.१ मायक्रॉनचा किंवा त्याहूनही बारीक. म्हणजे ती धुळीपेक्षा धुराला जवळची. तिच्यात सिलिकेट असते, कार्बन असतो आणि ‘पीएएच’ नावाचे कार्बनी रेणू असतात. ओले लाकूड चुलीत धुमसले की धुरात आणि काजळीत जे रेणू सापडतात, त्याच कुळीचे. म्हातारे तारे आपली बाहेरची आवरणे सोडतात त्यातून ही धूळ बनते, आणि ताऱ्यांच्या स्फोटांतूनही बनते. १९८७ साली शेजारच्या मोठ्या मॅगेलन मेघात फुटलेल्या ताऱ्याच्या अवशेषात हर्शेल या युरोपच्या अवरक्त अवकाश दुर्बिणीला सूर्याच्या निम्म्या वस्तुमानाच्या आसपास धूळ सापडली. ताऱ्यांमधल्या एकूण वायूच्या मानाने धूळ वजनाला जेमतेम एक टक्का, पण तेवढीच सगळा कारभार हातात घेते.

तो असा. नवे तारे दाट ढगांच्या पोटात जन्मतात. त्यांतले सर्वांत जड तारे निळे, अतिनील प्रकाश ओकणारे आणि अल्पायुषी. त्यांचा प्रकाश ढगाबाहेर पडण्याआधीच धूळ तो गिळते. गिळलेली ऊर्जा नाहीशी होत नाही; धूळ तिने तापते. ‘तापते’ म्हणजे केवढी, तर निरपेक्ष शून्याच्या वर ३०-४० अंश, आपल्या भाषेत उणे २४० सेल्सिअसच्या आसपास. एवढ्या गार वस्तूलाही स्वतःचा उजेड असतो. तो कोणत्या तरंगलांबीला सर्वांत जास्त, हे काढायचा ढोबळ हिशेब सोपा आहे : ३००० ला केल्विनमधल्या तापमानाने भागा, उत्तर मायक्रॉनमध्ये येते. माणसाचे शरीर ३१० केल्विन, म्हणून त्याचा उजेड १० मायक्रॉनपाशी. ३५ केल्विनच्या धुळीचा ८६ मायक्रॉनपाशी. डोळ्याला दिसणारा प्रकाश ०.४ ते ०.७ मायक्रॉनचा, त्याच्याशी ताडून पाहा.

हे प्रत्यक्ष दाखवले ते आयआरएएस या उपग्रहाने. अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांनी मिळून जानेवारी १९८३ मध्ये तो सोडला. आरसा अवघा ५७ सेंटिमीटरचा, आयुष्य दहा महिन्यांचे, पण १२, २५, ६० आणि १०० मायक्रॉनमध्ये त्याने जवळपास सारे आकाश पालथे घातले आणि सुमारे अडीच लाख स्रोतांची यादी दिली. त्या यादीतले आर्प २२० हे नाव आजही या विषयाचे प्रमाण मानतात. साध्या दुर्बिणीतून पाहिले तर ती एक विस्कटलेली, साधारण दीर्घिका. अवरक्तात तिची तेजस्विता लाख कोटी सूर्यांच्या वर. अंतर सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षे. दोन दीर्घिका एकमेकींत घुसल्या आहेत, दोघींची केंद्रे अजून वेगळी ओळखू येतात आणि सगळा वायू त्या केंद्रांभोवती कोंबला गेला आहे. दहा हजार कोटी सूर्यांच्या वर गेली की ‘अवरक्त-तेजस्वी’, लाख कोटींच्या वर ‘अति’, दहा लाख कोटींच्या वर ‘महा’, अशी वर्गवारी तेव्हापासून रूढ झाली. आपल्या शेजारात ‘अति’ वर्गातल्या दीर्घिका क्वचितच भेटतात. दहा अब्ज वर्षांपूर्वीच्या विश्वात मात्र त्या ठिकठिकाणी होत्या, आणि त्या काळातली ताऱ्यांची निर्मिती बव्हंशी धुळीआडच चालली होती. १९८९ च्या कोबे उपग्रहाच्या मोजमापांतून आकाशाची जी अवरक्त पार्श्वभूमी हाती आली, तिचा अर्थ असा की ताऱ्यांनी आजवर सोडलेल्या प्रकाशातला साधारण निम्मा धुळीने गिळून पुन्हा सोडलेला आहे. दृश्य प्रकाशावरच भिस्त ठेवणारा निम्मी खतावणी न उघडता हिशेब मांडतो.

आता दुर्बीण अवकाशातच का लागते? गोव्याच्या माणसाला हे समजावायला जून महिना पुरे. हवेतली वाफ ३० ते ३०० मायक्रॉनचा प्रकाश जवळजवळ पूर्ण शोषते. पणजी सोडा, लडाखमधल्या हानले इथे ४५०० मीटरवरही ही खिडकी बंदच असते. म्हणून टीआयएफआरच्या (मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) मंडळींनी एक मीटर व्यासाची दुर्बीण फुग्याला बांधून हैदराबादहून वर पाठवण्याचा मार्ग धरला. तिने आपल्याच आकाशगंगेतल्या ताऱ्यांच्या जन्मस्थळांची दूर-अवरक्तात मोजमापे केली. भारतातले हे काम फार मोलाचे, पण त्याविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही.

दुसरी अडचण दुर्बिणीची स्वतःची. वर सांगितलेला भागाकार तिलाही लागू. खोलीच्या तापमानाची दुर्बीण १० मायक्रॉनला स्वतःच झळाळते. तिच्यातून दूरच्या दीर्घिकेचे १० मायक्रॉनचे तेज शोधणे म्हणजे पेट्रोमॅक्स कपाळाला बांधून काजवे शोधणे. म्हणून यंत्रे गार ठेवावी लागतात. म्हापशाच्या बाजारात मासळीवालीच्या खोक्यातला बर्फ वितळला की धंदा आटोपतो, तसे इथे द्रवरूप हेलियमचे. तो हळूहळू उडून जातो आणि ज्या दिवशी संपतो त्या दिवशी दूर-अवरक्त बंद. नासाच्या स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीचा आरसा ८५ सेंटिमीटरचा आणि हेलियम ३६० लिटर. ऑगस्ट २००३ मध्ये निघालेल्या त्या दुर्बिणीचा साठा मे २००९ मध्ये संपला, आणि पुढे जानेवारी २०२० पर्यंत ती ३.६ व ४.५ मायक्रॉन या दोनच पट्ट्यांवर चालली. मे २००९ मध्येच निघालेल्या हर्शेलचा आरसा ३.५ मीटरचा, हेलियम दोन हजार लिटरांच्या वर. तो एप्रिल २०१३ मध्ये संपला. हर्शेलचा आरसा हेलियममध्ये बुडवलेला नव्हता. तो सावलीत राहून ८५ केल्विनपर्यंतच गार झालेला होता, त्यामुळे त्याचा स्वतःचा उजेड दीर्घिकांच्या उजेडाहून कितीतरी जास्त असे आणि आकाशावर मागे-पुढे फिरवून तो वजा करावा लागे.

वेबमध्ये हेलियम संपण्याची भानगड नाही. तिचे मिरी हे यंत्र शीतयंत्राने ७ केल्विनच्या खाली ठेवलेले असते. पण मिरीची धाव २८ मायक्रॉनपर्यंतच. इथे विश्वाच्या प्रसरणाचा हिशेब जोडावा लागतो. प्रसरणामुळे प्रकाश किती ताणला गेला त्याचे माप म्हणजे ताम्रसृती; ती जितकी जास्त तितकी दीर्घिका दूरची. ती ३ असेल, तर तिथून निघालेली प्रत्येक तरंगलांबी चौपट होऊन आपल्यापाशी येते. ८६ मायक्रॉनचा धुळीचा उजेड ३४४ मायक्रॉनला पोचतो. मिरीची २८ ची मर्यादा त्या दीर्घिकेच्या घरी अवघी ७ मायक्रॉन ठरते. पीएएच रेणूंची ७.७ मायक्रॉनची ठळक खूण ताम्रसृती २ वर २३ ला येते, म्हणजे मिरीच्या आवाक्यात. ताम्रसृती ३ वर ती जवळपास ३१ ला जाते, आणि हातची निसटते. आणि आपण छापलेले चित्र तर मिरीचेही नव्हते, निअरकॅम या वेबच्या जवळ-अवरक्त कॅमेऱ्याचे होते. त्यातला ४.४४ मायक्रॉनचा प्रकाश ताम्रसृती ३ च्या दीर्घिकेतून १.१ मायक्रॉनला निघालेला, म्हणजे निव्वळ ताऱ्यांचा. त्या चित्रात धुळीचा उजेड कणभरही नाही. धुळीने निळा प्रकाश खाल्ल्यामुळे उरलेला तांबूसपणा तेवढा आहे.

मग धुळीचा उजेड कोण पाहते? २०१३ नंतर अवकाशातून कोणीच नाही. बोइंग ७४७ च्या पाठीत बसवलेली सोफिया ही दुर्बीण २०२२ पर्यंत उडत होती, तिचे बळ जवळच्या वस्तूंपुरते. चिलीतल्या ५००० मीटर उंचीवरच्या अल्माच्या ६६ अँटेना मिलिमीटरच्या आसपास उत्तम पाहतात, पण एका वेळी चिमूटभर आकाश. प्रिमा नावाची १.८ मीटरची, आरसाही गार केलेली दुर्बीण नासाने २०२४ मध्ये सविस्तर अभ्यासासाठी निवडलेल्या दोन प्रस्तावांपैकी एक आहे. तोवर आठ-दहा अब्ज वर्षांपूर्वीची धूळ अभ्यासायची तर हर्शेलचा जुना साठाच उघडावा लागतो. तो साठा सर्वांना खुला आहे, आणि आमचा मुख्य मुद्दा इथूनच सुरू होतो.

गोव्यात जूनपासून चवथीपर्यंत आकाश दिसत नाही. आकाशनिरीक्षणाचे कार्यक्रम बंद, महाविद्यालयातली दुर्बीण बुरशी धरू नये म्हणून सिलिका जेलसकट पेटीत. ट्रॉलरवाले ६१ दिवसांच्या बंदीत जाळी दुरुस्त करतात. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी त्या दिवसांत हर्शेल, स्पिट्झर आणि वाइज (सारे आकाश टिपणारी नासाची अवरक्त दुर्बीण) यांची जाळी उपसावी. एम. एस्सी.च्या प्रबंधिकेला पुरून उरेल असे काम आहे आणि खर्च एका बऱ्या संगणकाचा. काय करायचे आणि कुठे पाय घसरतो, ते थोडे खोलात सांगतो.

क्षेत्र निवडताना ‘कॉस्मॉस’ घ्यावे. हा दोन चौरस अंशांचा आकाशाचा तुकडा षडंश तारकासमूहात आहे. एप्रिलच्या सुरुवातीला रात्री दहाच्या सुमारास तो गोव्याच्या जवळजवळ डोक्यावर असतो. मघा तारा शोधा, हात लांब करून मूठ धरा. मुठीएवढे, म्हणजे १० अंश, दक्षिणेला गेलात की तो तुकडा. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही, आणि म्हणूनच तो निवडला : तेजस्वी तारे नाहीत, आपल्या आकाशगंगेची धूळही कमी. हबल, स्पिट्झर, हर्शेल, अमेरिकेतला व्हीएलए हा रेडिओ दुर्बिणींचा समूह, अल्मा, सगळ्यांनी तो पिंजून काढला आहे. वेबने त्यातला ०.५४ चौरस अंश १.१५, १.५, २.७७ आणि ४.४४ मायक्रॉनमध्ये टिपला आणि त्याच्या यादीत पावणेआठ लाखांवर दीर्घिका आहेत. रेडिओची जास्त आवड असेल तर ‘एलाइस-एन१’ हे क्षेत्र घ्यावे. तिथे हर्शेल आहेच आणि नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही ते पाहिले आहे.

पहिली अडचण लगेच समोर येते. हर्शेलच्या स्पायर यंत्राचा ठसा, म्हणजे एका बिंदूचा नकाशावर उमटणारा ठिपका, २५० मायक्रॉनला १८ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), ३५० ला २५ आणि ५०० ला ३६ विकला रुंद. हे यंत्राचे वैगुण्य नव्हे, ३.५ मीटरच्या आरशात २५० मायक्रॉनचा प्रकाश त्याहून बारीक गोळाच होत नाही. आता वरच्या यादीशी गुणाकार करून पाहा : ३६ विकलांच्या एका ठशात वेबच्या शंभराहून जास्त दीर्घिका बसतात. १८ च्या ठशातही पंचवीस-तीस. हर्शेलच्या नकाशावर दिसणारा एक गुबगुबीत ठिपका यांतल्या कोणाचा?

थेट वेबच्या यादीत सर्वांत जवळची दीर्घिका उचलणे ही हमखास होणारी चूक. पायरीपायरीने उतरावे. आधी २५० मायक्रॉनचा असा स्रोत घ्या, ज्याचा संकेत गोंगाटाच्या निदान पाचपट आहे. त्याच्या जागेतली अनिश्चितता काढा : ठशाच्या रुंदीला ०.६ ने गुणून संकेत-गोंगाट गुणोत्तराने भागायचे. १८ आणि ५ धरले तर २.२ विकला. त्याच्या तिप्पट त्रिज्येत, म्हणजे साडेसहा विकलांत, स्पिट्झरचे २४ मायक्रॉनचे आणि व्हीएलएचे ३ गिगाहर्ट्झचे स्रोत शोधा. नवे तारे भराभर जन्मतात तिथे स्फोटही भराभर होतात आणि त्यातून रेडिओ उत्सर्जन वाढते, त्यामुळे रेडिओ आणि दूर-अवरक्त यांचे प्रमाण बरेच पक्के असते. व्हीएलएचा ठसा पाऊण विकलेचा असल्याने तिथून वेबच्या चित्रात उतरताना अर्धी-एक विकला त्रिज्या पुरते. रेडिओ स्रोत दोन निघाले तर ठिपका दोघांत वाटावा लागतो. तो वाटून ठेवलेल्या तयार याद्या ‘हेल्प’ या प्रकल्पाने खुल्या केल्या आहेत, आणि नवख्याने सुरुवात तिथूनच करावी.

एकके हा दुसरा खड्डा. स्पायरच्या बिंदुस्रोतांसाठीच्या नकाशात आकडा ‘जान्स्की प्रति ठसा’ (जान्स्की हे पोचणाऱ्या प्रकाशाचे एकक), हर्शेलच्याच पॅक्स या दुसऱ्या यंत्राच्या नकाशात ‘जान्स्की प्रति पिक्सेल’, आणि स्पिट्झर व वेबच्या नकाशात ‘मेगाजान्स्की प्रति स्टेरेडियन’. तिन्ही फाइली डीएस-नाइन या चित्रे पाहण्याच्या प्रणालीत शेजारी उघडल्या की सारख्याच दिसतात, आणि आकडे तसेच उचलून एका आलेखावर टाकले की धुळीचा डोंगर भलत्याच ठिकाणी उगवतो. खगोलचित्रांच्या फिट्स फाइलच्या शीर्षकात एककाची ओळ असते, ती आधी वाचावी. वाइजच्या यादीत तर प्रती (तेजाचे उलटे माप : आकडा मोठा तितका स्रोत अंधुक) दिलेल्या असतात आणि त्या वेगा ताऱ्याच्या मापाने. २२ मायक्रॉनच्या पट्ट्यात शून्य प्रत म्हणजे ८.३६३ जान्स्की. तिथे प्रत ७ असेल तर स्रोत १३ मिलिजान्स्कीचा. ती ‘एबी’ या दुसऱ्या मापाची प्रत समजून ३६३१ ने गुणलीत तर साडेपाच जान्स्कींच्या वर, म्हणजे ४३४ पट चूक. एवढी मोठी चूक निदान लक्षात येते, ३.४ मायक्रॉनला तीच चूक बारा पटींची आणि ती खपून जाते.

तिसरी गोष्ट गर्दीची. स्पायरच्या नकाशात कितीही वेळ घालवला तरी सुमारे ६ मिलिजान्स्कींचा गोंगाट उरतोच, कारण तो यंत्राचा नाही. अंधुक दीर्घिका एकमेकींवर चढून झालेला तो कल्ला आहे. म्हणून ३० मिलिजान्स्कींच्या खालच्या एकट्या स्रोतावर फार मोठे इमले बांधू नयेत. मर्यादेजवळचा स्रोत बहुधा आहे त्यापेक्षा तेजस्वी मोजला जातो, कारण योगायोगाने वर उचललेलेच यादीत शिरतात. अंधुकांचा अभ्यास करायचाच असेल तर एकाच जातीच्या हजारभर दीर्घिकांच्या जागी नकाशाचे तुकडे कापून एकावर एक रचावेत. गोंगाट वर्गमुळाच्या हिशेबाने उतरतो आणि सरासरी दीर्घिका वर येते. दीर्घिका कळपाने राहतात, त्यामुळे शेजाऱ्यांचा उजेडही त्या सरासरीत येतो. तो वजा केला नाही तर उत्तर फुगते.

आता मोजलेल्या आकड्यांचे करायचे काय? समजा, एका स्रोताचे २५०, ३५० आणि ५०० मायक्रॉनचे आकडे असे आले की शिखर ३७५ च्या आसपास पडते. धूळ ३५ केल्विनची मानली तर मूळ शिखर ८६ ला, ३७५ भागिले ८६ म्हणजे ४.४, म्हणून ताम्रसृती ३.४. पण धूळ २५ केल्विनची असेल तर तेच शिखर ताम्रसृती २.१ सांगते आणि ५० ची असेल तर ५.२. तीन आकड्यांवरून तापमान आणि अंतर दोन्ही सुटत नाहीत, एक दुसऱ्याआड लपते. हे ठाऊक नसले की विद्यार्थ्याला दर आठवड्याला ‘विश्वातली सर्वांत दूरची दीर्घिका’ सापडते. ५०० ला ३५० पेक्षा आणि ३५० ला २५० पेक्षा तेजस्वी असलेले ‘चढते’ स्रोत खरोखर दूरचे असण्याची शक्यता असते. ताम्रसृती ६.३४ ची, वर्षाला सुमारे २९०० सूर्यांएवढे तारे घडवणारी एचएफएलएस३ ही दीर्घिका २०१३ मध्ये याच वाटेने हाती लागली. पण दोन-तीन साध्या दीर्घिका ५०० च्या रुंद ठशात एकत्र आल्या तरी चढण तशीच दिसते. वर्णपट मिळेपर्यंत ‘उमेदवार’ हाच शब्द वापरावा.

अंतर माहीत असेल तर काम सोपे. टॉपकॅट या प्रणालीत याद्या जोडाव्यात, सिगालसारख्या मोफत प्रणालीने २४ ते ५०० मायक्रॉनच्या आकड्यांवर वक्र बसवावा आणि ८ ते १००० मायक्रॉनमधली एकूण तेजस्विता काढावी. लाख कोटी सूर्यांची तेजस्विता म्हणजे वर्षाला सुमारे १०० सूर्यांएवढे नवे तारे. काही शोधनिबंधांत १७० दिसेल. दोन्ही बरोबर, लहान आणि मोठे तारे कोणत्या प्रमाणात जन्मतात याचे गृहीतक वेगळे, एवढेच. आपल्या आकाशगंगेत हा दर एक-दोन सूर्यांचा आहे. तरंगलांबीबरोबर धुळीचा उजेड कसा बदलतो ते सांगणारा एक घातांक असतो, ‘बीटा’. तीनच बिंदू असतील तर तो १.८ वर बांधून टाकावा, मोकळा सोडला तर तापमान वाटेल तिकडे पळते.

हे सगळे तेज ताऱ्यांचेच, असेही धरून चालता येत नाही. मधल्या कृष्णविवराभोवतीची धूळ शेकडो अंश तापते आणि तिचा उजेड मध्य-अवरक्तात पडतो. वाइजच्या ३.४ आणि ४.६ मायक्रॉनच्या प्रतींतला फरक ०.८ किंवा जास्त असेल तर संशय घ्यावा. वाइजनेच असेही स्रोत दिले जे ३.४ आणि ४.६ ला जवळजवळ दिसत नाहीत आणि १२, २२ ला झगझगतात. त्यांतला डब्ल्यू२२४६-०५२६ साडेतीन कोटी-कोटी सूर्यांचा आहे आणि ते बहुतेक कृष्णविवराचे काम आहे. उलट बाजूने, आकडा अविश्वसनीय मोठा आला तर मध्ये गुरुत्वीय भिंग आहे का ते पाहावे. १९९१ मध्ये आयआरएएसच्या यादीतला एफ१०२१४+४७२४ हा विक्रमी ठरला होता. पुढे कळले की मधल्या दीर्घिकेच्या गुरुत्वाने त्याचा प्रकाश वाढवला होता. हर्शेलच्या नकाशात ५०० मायक्रॉनला १०० मिलिजान्स्कींच्या वर गेलेल्या स्रोतांतून जवळच्या सर्पिल दीर्घिका आणि रेडिओ-तेजस्वी कृष्णविवरे वगळली की उरलेले जवळजवळ सगळे भिंगामागचेच निघतात. तिथे विस्तारगुणक (भिंगाने प्रकाश किती पट वाढवला तो आकडा) काढल्याशिवाय ‘दरसाल इतके तारे’ लिहू नये.

वेबच्या चित्रातला तांबडा ठिपका पाहून थेट ‘धूळ’ म्हणू नये, तसेच ‘दूर’ही म्हणू नये. दीर्घिका तांबडी दिसायला तीन कारणे पुरतात : ती धुळीने भरलेली, तिचे तारे म्हातारे, किंवा ती फार दूर. सीअर्स-९३३१६ या ठिपक्याची ताम्रसृती रंगांवरून १६ च्या वर काढली होती. २०२३ मध्ये वर्णपट घेतला तेव्हा ती ४.९ निघाली. धूळ आणि ठळक उत्सर्जनरेषा यांनी मिळून तज्ज्ञांना चकवले होते.

संपादक महोदय, आपल्याकडे मागणे लहान आहे. अवकाश दुर्बिणीचे चित्र छापाल तेव्हा खाली एक ओळ वाढवा : कोणते यंत्र, कोणत्या तरंगलांबीला कोणता रंग दिला. मूळ प्रसिद्धिपत्रकात हे असतेच. ‘४.४४ मायक्रॉन तांबडा, २.७७ हिरवा, १.५ निळा’ एवढे छापले तरी ‘खरे रंग की खोटे’ या पत्रांची संख्या कमी होईल. आणि महाविद्यालयांतल्या पदार्थविज्ञान विभागांना सांगणे असे की यंदाच्या प्रकल्पांची यादी लावताना कॉस्मॉसमधले वीस स्रोत वीस जणांना वाटून द्या. सबंध नकाशा उतरवत बसू नका. अभिलेखागारात जागेचे सहनिर्देशक देऊन पाच कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) तुकडा कापून मिळतो, तो पुरतो. याद्या मात्र पूर्ण लागतात आणि त्या मोठ्या असतात. पावसात वीज जाते, म्हणून तुटलेली फाइल तुटल्या जागेपासून पुढे चालू करणारी प्रणाली वापरा, आणि शक्य तर हे उतरवण्याचे काम मे महिन्यातच उरकून घ्या.

आपले,
पदार्थविज्ञान शिकवणारे दोघे,
फोंडा, गोवा